ताटावरून उठवणारी हाक

एका बाजारगावात केरबाशेठ नावाचा गुळाचा व्यापारी राहत असे. त्याने नवे घर बांधले. वास्तुशांतीच्या दिवशी येसू गवंड्याने सगळ्यांदेखत शब्द दिला, "वर्षभरात कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर हाक मारा. ताटावरून उठून येईन. बाकीचं बारीकसारीक लिहून ठेवा, दिवाळीआधी एकदम करून देतो."

शब्द अगदी सरळ होता, पण शेठच्या डोक्यात शिरला नाही. ओसरीच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली, धाडला निरोप. दाराची कडी कुरकुरली, धाडला निरोप. ओसरीवर पाहुणे बसतात, त्यांना काय दिसेल याचाच त्याला घोर. येसू दोन्ही वेळा अर्धपोटी धावत आला.

पुढे स्वयंपाकघरातली तुळई करकरू लागली. शेठची बायको अनसूयाबाई चुलीपाशी बसली की वरून माती तिच्या पदरावर पडे. गवंड्याला बोलवा, असे तिने दोनदा सांगितले.

"तिथं कोण बघायला येतंय?" शेठ म्हणाला. "टाक दिवाळीच्या यादीत."

कडीसाठी गवंड्याने ताटावरून उठायचे आणि बायकोच्या डोक्यावरच्या तुळईने दिवाळीची वाट बघायची! असल्या माणसाची चीड येते.

सहाव्या दिवशी तुळईला बोट जाईल एवढी भेग पडली. बाईने चूल विझवली आणि स्वतःच येसूचे घर गाठले. तो नुकताच जेवायला बसला होता.

"येसूदादा, ताटावरून उठा," ती एवढेच म्हणाली.

या बाईने आजवर एकदाही हाक मारली नव्हती. येसू खरकट्या हातानेच निघाला. दोघे दारात पोचले आणि तुळई कोसळली. चुलीपुढच्या पाटाचे दोन तुकडे झाले. रोज त्याच पाटावर बसून बाई भाकऱ्या थापत असे.

शेठ गवंड्यावरच गुरकावला.

येसू म्हणाला, "लाकूड ओलं निघालं, चूक माझी. नवी तुळई मी बसवतो. पण शेठ, ती सहा दिवस करकरत होती. तुम्ही कानाआड केलं, ती चूक कुणाची?"



तुळई बसेपर्यंत चूल ओसरीवर मांडावी लागली. धुराने पांढरी भिंत काळी पडली. आता पाहुणे काय म्हणतील, अशी शेठने कुरकुर सुरू केली.

अनसूयाबाई भाकरी उलटत म्हणाली, "टाका दिवाळीच्या यादीत."

तात्पर्य: जिवाचा धोका आणि डोळ्यांना खुपणारी खोट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याला कितीही चांगला शब्द मिळाला तरी तो वाया जातो, आणि घरच्या माणसापेक्षा पाहुण्याची नजर ज्याला मोठी वाटते, त्याला तो फरक कधीच कळत नाही.