सूर्यानं उचललेलं पाणी

फार मागचं सांगते, बरं का. खाऱ्या समुद्रात एक बेट होतं. तिथं हाशी नावाची मीठ पिकवणारी बाई राहायची. घरात सून चांगुणा आणि तिचं सात दिवसांचं तान्हं.

एकदा काय झालं, मोठं उधाण आलं आणि बेटावरच्या एकुलत्या विहिरीत समुद्र शिरला. उधाण ओसरलं, ऊन पडलं, पण लाटा काही थांबेनात. पलीकडून पाणी आणायला होडी निघेना. रांजणात राहिलं तीन दिवसांचं पाणी. बाळंतिणीला पाणी नाही, तर बाळाला दूध कुठलं?

मग हाशी मिठागरावर गेली. वर बघून म्हणाली, "सूर्यनारायणा, रोज माझं पाणी तू पितोस, मीठ तेवढं मला ठेवतोस. आता पाणी दे की."

सूर्य म्हणाला, "मी पीत नाही गं बाई, नुसतं उचलतो. धरता आलं तर धर."

पहिल्या दिवशी तिनं काळं घोंगडं समुद्रात भिजवून उन्हात पसरलं. घोंगड्यावर मीठ राहिलं. पाणी वाऱ्यानं नेलं.

दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या घोंगड्यांची बंद खोपी केली. आत ओली घोंगडी टांगली. शिरून बघते तर काय, सगळीकडं ऊन ऊन वाफ. पाणी तिच्या गालाला लागत होतं, पण दिसत नव्हतं.

सूर्य म्हणाला, "उन्हात उचललेलं मी गारव्यात खाली ठेवतो."

मग तिसऱ्या दिवशी तिनं खोपीच्या माथ्यातून पोकळ बांबू काढला, तो शेजारच्या सावलीत, माडाच्या पानांच्या विणलेल्या झापांच्या बंद आडोशात सोडला. तिथं समुद्राच्या गार पाण्यानं भरलेला तांब्याचा हंडा टांगला. वाफ हंड्याला जाऊन भिडली. हंड्याच्या पोटाला घाम फुटला. एक थेंब. मग दुसरा. मग खाली ठेवलेली वाटी भरली.

हाशीनं बोट बुडवून चाटलं. खारट. तिनं ओतून द्यायला वाटी उचलली.

चांगुणा म्हणाली, "आत्या, तुमचं बोट गुळाच्या ढेपेत घातलं तरी खारटच लागेल. मिठात जन्म गेलाय त्याचा. आणा इकडं."

तिनं वाटी तोंडाला लावली. शेवटचा थेंबही निथळून घेतला. मग हळूच म्हणाली, "गोड आहे हो."

तशा खोप्या मग घरोघरी झाल्या. बेट कुणी सोडलं नाही, सगळी सुखानं राहिली. आणि ते बाळ पोटभर दूध पिऊन झोपलं, तोंड उघडं टाकून. तुम्हीपण मिटा डोळे आता.