ओली भिंत

मुलांनो, ही गोष्ट आहे एका उंदराची. ती सांगितली नाही तर तुम्हीही त्या उंदरासारखेच भोक पाडून बसाल, म्हणून सांगतो.

बोरीच्या रानात, एका उंचवट्यावर, हा उंदीर आपल्या बायकोसह राहत असे. मोठा उद्योगी प्राणी. त्याचं दाण्यांचं दुकान होतं. वरी, तीळ, वाळलेली बोरं, मागाल ते तिथे मिळे. दुकानाचं बीळ उगवतीकडे उघडायचं आणि घराचं बीळ मावळतीकडे. घरात उंदरीण, नुकतीच जन्मलेली पाच पिल्लं आणि पावसाळ्याची सगळी बेगमी. दुकान आणि घर यांच्यामध्ये होती वीतभर जाडीची मातीची भिंत.

दुकानातून घरी जेवायला जायचं तर उंदराला बाहेर पडून, बोरीला वळसा घालून, रखरखीत उन्हातून पळावं लागे. वर घारीची भीती. त्याला या फेऱ्यांचा कंटाळा आला. एके दिवशी त्याने मधली भिंत कुरतडली आणि घरात डोकं काढून म्हणाला, "बघ, दोन उड्यांत घर!"

मग काय विचारता! दुकानातले तीळ संपले की तो घरच्या बेगमीतून आणी. घरात बोरं हवी असली की दुकानातली उचली. कुठले दाणे घरचे आणि कुठले दुकानाचे, हे त्याचं त्यालाही सांगता येईना. "आपलंच तर आहे सगळं," असं तो म्हणे.

उंदरीण मात्र धास्तावली. त्या रानात कुणाचं दुकानदारामुळे नुकसान झालं, तर भरपाईची मोजणी करायला पंच चिचुंद्रीला पाठवत. चिचुंद्रीला दिसतं जेमतेम, म्हणून तिला नियम घालून दिलेला होता. दुकानाच्या तोंडातून आत शिरायचं, भिंतीला मिशा लावून चालत राहायचं, आणि पाठीला ऊन न लागता जिथवर जाता येईल तिथवरचं सगळं दुकानाचं धरायचं. आडवी भिंत आली की मागे फिरायचं. मात्र ती भिंत कोरडी हवी. दावा झाल्यावर घाईने घातलेली ओली भिंत जमेस धरायची नाही.

"अहो, ते भोक बुजवा," उंदरीण रोज म्हणे. "चिचुंद्री आली तर सरळ पिल्लांपर्यंत येईल."

"अगं, मी कुणाचं वाईट केलंय का? ती कशाला येईल? आणि बुजवतो की उद्या."

वाईट त्याने केलंच नव्हतं, हे मलाही मान्य आहे. पण चूक व्हायला मनात वाईट असावं लागत नाही. एका दुपारी घाईघाईत त्याने खारीला वरी मोजून दिली आणि त्या वरीत धोतऱ्याच्या बिया मिसळलेल्या होत्या. ती खाऊन खारीला भोवळ आली, ती फांदीवरून खाली पडली आणि तिचा मागचा पाय मोडला. तिलाही तीन पिल्लं होती. ती पंचांकडे गेली. पाय बरा होऊन ती झाडावर चढू लागेपर्यंत त्या चौघांनी उंदराच्या दुकानात राहायचं आणि तिथलंच खायचं, असं पंचांनी ठरवलं. चिचुंद्री दुसऱ्या दिवशी येणार होती.

उंदराच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने ओढ्यावरून तोंडात चिखल भरभरून आणला आणि भोक लिंपायला घेतलं. उंदरीण पिल्लांना पोटाशी घेऊन बघत राहिली. चिखल थापला तरी ओघळे. उंदीर फुंकर मारी, शेपटीने वारा घाली, हात लावून पाही. भिंत काही वाळेना. "वाळ ना गं बाई," असं तो भिंतीलाच विनवू लागला.

दुसऱ्या दिवशी चिचुंद्री आली. दुकानभर फिरली. मिशा लावत लावत त्या लिंपणापाशी आली आणि थांबली. तिने नाक टेकवलं. नाकाला चिखल लागला.

"ही भिंत कधीची?" तिने विचारलं.

"जुनी आहे," उंदीर म्हणाला.

चिचुंद्रीने नुसतं नाक पुढे रेटलं. चिखल धपकन पलीकडे पडला आणि ती थेट पिल्लांच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिली. "पिल्लं तुमची, ती घेऊन जा," ती म्हणाली. "बाकी इथवर सगळं दुकानाचं. ते आता खारीचं."

खार बिळाबाहेर लंगडत उभी होती. "मला तुमचं घर नको होतं हो," ती म्हणाली. "दुकानात भागलं असतं तर बरं झालं असतं. पण दुकानात आहेच किती? आणि माझ्याही पिल्लांना पावसाळा काढायचाय." उंदराने पहिलं पिल्लू तोंडात धरलं आणि तो बिळाबाहेर पडला.

तो पावसाळा त्यांनी ओढ्याकाठच्या सखल जागेत काढला. दोनदा पाणी बिळाच्या तोंडाशी आलं. दोन्ही वेळा पाच पिल्लं एकेक करून तोंडात धरून झाडाच्या मुळांवर नेली. त्या दिवसांत उंदीर झोपेतही दचकून उठे आणि पिल्लं मोजे.

पुढच्या वर्षी त्याने उंचावर पुन्हा दोन बिळं खणली. दोन तोंडं, मध्ये जाड भिंत. घरचे दाणे घरात, दुकानाचे दुकानात. आता तो रोज उन्हातून वळसा घालून जेवायला येई. आला की आधी भिंतीला हात लावून ती कोरडी आहे ना ते पाही आणि मगच पानावर बसे. उंदरीण हसायची, पण ताटकळत थांबायची.

आणि मुलांनो, एक दिवस पुन्हा तेच झालं. दुकानाच्या दाराशी उंदराने खणलेल्या खड्ड्यात सशाचा पाय मुरगळला. चिचुंद्री निघाली. उंदीर आणि उंदरीण घरात, भिंतीला कान लावून बसले. पलीकडे मिशांची खसखस जवळ जवळ येत गेली. भिंतीपाशी थांबली. नाक टेकल्याचा आवाज आला. उंदरिणीने डोळे घट्ट मिटून घेतले.

भिंत कोरडी निघाली. मग पावलं हळूहळू लांब गेली.

"दुकान गेलं गं आपलं," उंदीर म्हणाला. "सगळंच्या सगळं सशाला गेलं."

"त्याचा पाय दुखावलाय, त्याला मिळायलाच हवं," उंदरीण म्हणाली. "आणि जरा हळू बोला. पिल्लं झोपलीत."

तात्पर्य : घर आणि धंदा यांच्यामधली भिंत संकट येण्याआधी बांधावी आणि रोज जपावी, दावा दारात आल्यावर लिंपलेला चिखल कुणालाही वाचवत नाही.