चाळीस पंखांचे अंतर

एका जंगलात ओढ्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीखाली एक ससा आणि त्याची धाकटी बहीण राहत असत. ससा स्वतः दोनच दिवस शाळेत गेला होता. तिसऱ्या दिवशी मारामारी करून जो परतला, तो परतलाच. बहीण मात्र दिवसभर पानांवर नखाने रेघा ओढत बसे. "दादा, मला शाळा कधी?" हे तिचे रोजचे तुणतुणे.

मुलांनो, त्या जंगलात शाळा दोन होत्या. एक टेकडीला वळसा घालून, कोरड्या वाटेची. दुसरी ओढ्यापलीकडे. ज्याच्या घरापासून जी शाळा जवळ, तिथेच त्याला जागा, असा नियम होता. अंतर मोजायचे काम घारीकडे होते. ती जाळीवरून उडाली, पंख किती वेळा मारले ते तिने मोजले आणि बगळेगुरुजींना सांगितले, "टेकडीची शाळा नव्वद पंख. पलीकडची चाळीस." गुरुजींनी बहिणीचे नाव पलीकडच्या शाळेत घातले.

ससा धावतच गेला. "घारताई, अहो, मध्ये ओढा आहे!"

"ओढा?" घार म्हणाली. "मला तर वाटेत कुठे लागला नाही."

"गुरुजी, टेकडीच्या शाळेत पाच जागा रिकाम्या आहेत. मी बघून आलोय."

"त्या तिकडच्यांच्या," बगळा म्हणाला. "नसेल जमत तर नको पाठवूस. न शिकायची सवय तुमच्या घरात आहेच."

सशाच्या डोक्यात तिडीक गेली. "पाठवणार!" तो ओरडला. "रोज पाठवणार!"

आणि रोज तो तिला ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे नेऊ लागला. एके दिवशी पाणी गढूळ होते आणि दगडांच्या माथ्यापर्यंत चढले होते. "आज नको," ससा म्हणाला.

"दादा, आज पाढे म्हणायची माझी पाळी आहे. तूच म्हणालास ना, रोज पाठवणार?"

ससा पहिल्या दगडावर उतरला. मग म्हणाला, "माझ्या मागोमाग उडी मार." तिसऱ्या दगडावर त्याने वळून पाहिले. मागचा दगड रिकामा होता.

पलीकडे बगळ्याने हजेरी घेतली आणि तिच्या नावापुढे लिहिले, गैरहजर. आठव्या दिवशी त्याने नाव कापले आणि ती जागा सशाच्या शेजारच्या मुंगसाच्या पिल्लाला द्यायचे ठरले. घार पुन्हा उडाली. "चाळीस पंख," ती वरून म्हणाली. "जवळच आहे."

ससा त्या दिवसापासून काठावरच बसून होता. तो ताडकन उठला. "घारे, खाली उतर! एकदा, एकदाच चालत मोज!"

"चालत?" घार हसली. "वेडा की काय? माझे पाय ओले होतील."

तात्पर्य : ज्याला ती वाट कधी चालायची नाही, त्याने ती जवळ आहे असे सांगू नये.