टिटवीचे पीस आणि कोल्ह्याची गादी

एका जंगलात, नदीकाठच्या वाळूवर, एक टिटवी राहत असे. अंगाने ती मूठभर. आवाज मात्र असा, की तिच्यापुढे वाघालाही बोलायची चोरी. वाळूतल्याच एका खळग्यात तिची अंडी होती. त्या वर्षी रेड्याने पाणवठ्याचा मुखिया व्हायचे मनावर घेतले. "मला निवडा," तो म्हणे, "म्हशींना पाण्यावर जायला वाळूतून सरळ वाट करून देतो." त्याच्याविरुद्ध सांबर उभे होते, त्याला खडकावरची जुनी वाटच पुरेशी वाटे. मुलांनो, म्हशी वाळूतून गेल्या तर अंड्यांचे काय होईल, हे टिटवीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जंगलाचा नियम असा, की ज्याची खूण वडावर टांगलेली असेल त्यालाच मत. कोणी पीस द्यावे, कोणी केसांचा पुंजका. अंडी-पिल्ले सोडून ज्यांना वडापर्यंत जाता येत नसे, त्यांच्या खुणा गोळा करायला स्वयंसेवक पुढे आले. डोंगराकडे कावळा गेला, वाळूकडे कोल्हा. टिटवीचे पीस, तित्तिराचे पीस, सशिणीच्या पोटाची मऊ लव असे सगळे गोड बोलून कोल्ह्याने नेले. पोच म्हणून प्रत्येकाला एक हसू दिले.

निवडणुकीच्या दिवशी नवऱ्याला अंड्यांवर बसवून टिटवी वडाखाली आली. फांदीवरच्या म्हाताऱ्या वानराने झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि मान हलवली. "तुझी खूण नाही. म्हणजे या जंगलात तू नाहीस."

"मग हे ओरडतंय कोण?"

"ते मला सांगता यायचं नाही. नियमात नाही."

तित्तीर आणि सशीण यांनाही हेच उत्तर मिळाले होते. "चल बाई," सशीण म्हणाली, "पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळेपर्यंत माझी अंडी म्हशींच्या खुराखाली गेलेली असतील," टिटवी म्हणाली आणि वडाच्या बुंध्याशी ठाण मांडून बसली. "माझं पीस सापडेपर्यंत इथे एकही मत मोजू देणार नाही. तुडवायचंच असेल, तर आधी मला तुडवा!" रेड्याने खूर आपटून पाहिला. ती हलली नाही. ते बघून घरी निघालेली सशीण आणि तित्तीरही माघारी फिरली.

मग कोल्ह्याला बोलावणे गेले. तो जांभया देत आला. "वाटेत वारा सुटला गं, उडालं असेल," म्हणाला आणि परत जायला वळला. त्याच्या पाठीला पांढरे काहीतरी चिकटले होते. "अगं बाई, ही तर माझी लव!" सशीण किंचाळली. सगळे जंगल कोल्ह्याच्या बिळाशी लोटले. आत खुणांची छान जाड गादी अंथरलेली! कोल्ह्याचे कोणाशी वैर नव्हते आणि रेड्याशी साटेलोटेही नव्हते. चढणीवर उन्हाने दमून तो क्षणभर गाठोड्यावर टेकला होता, आणि ते मऊ लागले, इतकेच. मुलांनो, हक्क बुडवायला दर वेळी दुष्टच लागतो असे नाही, आळशीही पुरतो.

"जाऊ दे, बिचारा बिनपगारी राबतो," वानर म्हणाला. "त्याला कसला जाब विचारायचा?"

"त्याचं काम फुकट असेल, माझं पीस फुकटचं नव्हतं," टिटवी म्हणाली.

कोल्हा फिसकन हसला. "आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून निजणारी तू! आणि एका पिसासाठी सगळं रान गोळा करतेस?"

"आभाळ मीही बिनपगारीच पेलते, कोल्हेदादा. पण मऊ लागलं म्हणून ते कधी अंगावर ओढून झोपले नाही!"

गादी उसवून सगळ्या खुणा वडावर टांगल्या गेल्या. मग मते मोजली. सांबर निवडून आले आणि वाट खडकावरच राहिली. तरी टिटवी उठेना. "अजून एक राहिलंय. यापुढे जो आमची खूण नेईल, त्याने स्वतःची खूण आमच्यापाशी ठेवून जावं. आमची वडावर दिसली नाही, तर त्याची घेऊन आम्ही इथे येऊ आणि सगळ्यांदेखत उत्तर मागू."

कावळ्याने आपले एक पीस उपटून तिच्यापुढे ठेवले. कोल्हा मात्र शेपूट पोटाशी धरून म्हणाला, "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?"

"होता ना. त्याचीच तू गादी केलीस."

पुढच्या निवडणुकीत कोल्ह्याने दारोदार आपले केस ठेवले आणि ऊन-चढण न बघता वड गाठला. त्याची शेपूट विरळ झाली. वड मात्र गच्च भरला.

तात्पर्य : सेवा फुकट असली, म्हणून जाब चुकत नाही; आपला हक्क ज्याच्या हाती द्यावा, त्याची खूण आपल्या हाती ठेवावी.