जेपीजीतून काढलेली पीएनजी

एकदा एक वृद्ध गुरुजी जुने नकाशे जपण्याची विद्या एका शिष्याला शिकवीत होते. जीर्ण नकाशा स्कॅन करावा आणि संगणकात कायमचा ठेवावा, असे ते काम. शिष्य बुद्धिमान होता, आणि बुद्धिमंतांना घाई ही असतेच.

शेजारच्या खेड्यातून कापडावरचा एक नकाशा आला. जमिनीखालच्या मातीच्या नळांतून गावात पाणी कसे येते, ते त्यावर बारीक रेषांनी दाखवले होते. गावकरी दुसऱ्या दिवशी टाकीसाठी खोदणार होते. कुदळ नळावर पडली, तर गावाचे पाणीच तुटणार होते.

शिष्याने नकाशा स्कॅन करून कापड परत पाठवले. फाइल हलकी राहावी म्हणून चित्र आवळून ठेवणाऱ्या जेपीजी प्रकारात ठेवली. मग ती सरळ करून जतन केली, गडद करून पुन्हा जतन केली. शेवटी, कायमचे जपायचे ते पीएनजी प्रकारात, ही गुरुजींची शिकवण आठवून तिचीच एक पीएनजी काढली.

"गुरुजी, हलकी गावकऱ्यांना फोनवर पाठवली. ही भारी पंचायतीत कायमची ठेवायला देतो."

गुरुजींनी दोन्ही निरखल्या आणि पीएनजी पुसून टाकली.

शिष्य चिडलाच. "पीएनजी काही गमावत नाही, हे आपणच शिकवलेत ना? मग नेमकी तीच पुसलीत?"

"अरे, तिने काहीच गमावले नाही. डोळ्याला जाणवणार नाही असे जे वाटते, ते जेपीजी टाकून देते. बदल करून जतन केली की आणखी थोडे टाकते. माणसांच्या फोटोत ते खपते. इथे जवळच्या दोन रेषांचा एकच डाग झाला. पीएनजी वस्त्राची घडी घालते, कापत नाही. पण तू तिच्या हाती कापलेले वस्त्रच दिलेस. तो डाग तिने इमानाने जपला असता, आणि पुढच्या पिढ्यांनी तोच खरा मानला असता."

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "आता यातून दुरुस्त नाही का होणार?"

"टाकलेले यात कुठेच नाही. ते कापडावर आहे."

शिष्याने स्कॅनर मोटारसायकलला बांधला.

"चहा तरी घेऊन जा."

"आधी रेषा, गुरुजी. मग चहा."

गावात पोचताच त्याने कापड पुन्हा उलगडायला लावले, स्कॅन केले आणि या वेळी थेट पीएनजीत ठेवले. दोन नळ स्वच्छ वेगळे दिसले. फोनवरचा नकाशा पाहून खोदायच्या जागी गावकऱ्यांनी चुन्याची फक्की मारून ठेवली होती, ती बरोबर दुसऱ्या नळावर. शिष्याने ती रेघ स्वतःच्या पायाने पुसली आणि बाजूला नवी मारून घेतली.

एखादी गोष्ट जशीच्या तशी जपली आहे असे कोणी सांगितले, तर ती घेतली कुठून, हे आधी विचारावे.