कड नसलेलं छत

संक्रांतीला आठ दिवस उरले होते आणि उधाणराजे महाराज गच्चीवरून तिसऱ्यांदा पडले!

पहिल्यांदा ते गवताच्या गंजीवर पडले, दुसऱ्यांदा म्हशीवर. या वेळी नेमके खाली दिवाणजी उभे होते. महाराजांना खरचटलंही नाही, दिवाणजी मात्र वाकडे चालू लागले. तिन्ही वेळा कारण एकच! आभाळातल्या पतंगाकडे बघत, ढील देत महाराज मागे मागे सरकायचे आणि वळून बघणं त्यांना राजाला न शोभणारं वाटायचं. गच्चीला पूर्वी कठडा होता, पण तो मांडीला टोचतो म्हणून त्यांनीच पाडायला लावला होता. त्यात भर म्हणजे काचेच्या मांजानं त्यांची डावी मिशी साफ कापली होती. मग काय, सगळ्या दरबारानं डाव्या मिश्या उतरवल्या!

"चूक त्या छताची आहे!" महाराज गरजले. "बांधणाऱ्या गवंड्याला हजर करा!"

म्हातारा गोंदजी गवंडी हात जोडून उभा राहिला.

"छताला कड का ठेवलीस रे?"

"महाराज, छत कुठंतरी संपणारच की जी!"

"संपायचं नाही! संक्रांतीपर्यंत मला कड नसलेलं छत पाहिजे. तोवर कठड्याच्या जागी तू उभा राहायचंस. आणि छत झालं नाही, तर जन्मभर तिथंच!"

दुसऱ्या दिवसापासून गोंदजी कठडा झाला. महाराज मागे सरकत यायचे, धाडकन त्याच्यावर आदळायचे आणि वर ओरडायचे, "कठडा हलतोय!"

चौथ्या दिवशी त्याची लेक गजरा भाकरी घेऊन गच्चीवर आली. बापाच्या पायाची बोटं कडेबाहेर आलेली आणि खाली तीस हात पोकळी.

"पोरी, उद्या-परवा मी खाली जातो बघ," गोंदजी म्हणाला.

"जायचं न्हाई, बा! मी आणते छत!"

ती तशीच दरबारात गेली. "महाराज, छत तयार हाय!"

"चार दिवसांत?" दिवाणजी वाकडेच पुढे आले.

"लई आधीपासनंच तयार हाय जी. बघणारं कुणी नव्हतं."

महाराजांनी बोट उगारलं. "एक सांगून ठेवतो! जमिनीवरून पतंग गुराखी उडवतात. मला खाली खोली पाहिजे, वर छत पाहिजे आणि छतावर मी!"

"अगदी तसंच हाय, महाराज."

दुसऱ्या दिवशी गजरानं सगळ्या दरबाराला गावाबाहेरच्या माळावर नेलं. ना झाड, ना घर, ना विहीर. वारा मात्र मोप.

"छत कुठाय?"

"आपण त्याच्यावरच उभे हाय जी!" तिनं जमिनीतल्या एका तोंडाकडे बोट दाखवलं. "हे सरकारी ज्वारीचं पेव. धान्य साठवायची जमिनीच्या पोटातली खोली. आता खोलीच्या वर जे असतंय, त्याला छत न्हाई तर काय म्हणायचं?"

महाराजांनी आजवर ज्वारी फक्त ताटात पाहिली होती. त्यांचा विश्वास बसेना. "दिवाणजी, उतरा खाली!"

गजरानं सकाळीच झाकणाचा दगड काढून आतली कोंदट हवा जाऊ दिली होती, दिवा सोडून तो विझत नाही हेही पाहिलं होतं. दिवाणजी शिडीवरून कण्हत उतरले.

"डोक्यावर काय आहे?" महाराजांनी वाकून विचारलं.

"छत आहे, महाराज! आणि नाकात भुसा!"

"कड दिसते का?"

"कुठंच नाही!"

महाराज खूश झाले आणि त्यांनी मांजाची फिरकी मागवली. गजरानं साध्या सुती दोऱ्याची फिरकी पुढे केली. "या छतावर हाच चालतो जी."

"का म्हणून?"

"उजवी मिशी अजून शिल्लक हाय, म्हणून!"

महाराजांनी उजवी मिशी चाचपली आणि मुकाट्यानं दोरा घेतला. मागे सगळा दरबार आपापल्या उजव्या मिश्या चाचपत होता.

पतंग सरसर चढला. महाराज मागे सरकू लागले. वीस पावलं, पन्नास पावलं, शंभर पावलं! कुणी "सांभाळा!" म्हणेना, कुणी अंगावर आदळेना. महाराज तर गाऊ लागले. तेवढ्यात टाचेखाली ढेकूळ आलं आणि ते धपकन उताणे पडले.

"पडलो!" महाराज पडल्या पडल्या ओरडले. "या छतावरूनही पडलो! गोंदजी जन्मभर कठडाच राहील!"

गजरा पुढे झाली आणि मुजरा करून म्हणाली, "पडलात खरं, महाराज! पण पडून पोचलात कुठं?"

महाराजांनी डावीकडे हात फिरवला. उजवीकडे फिरवला. मग जमीन थोपटून बघितली.

"छतावरच!"

आणि ते पोट धरून हसू लागले. हसता हसता म्हणाले, "गोंदजीला आत्ताच्या आत्ता गच्चीवरून उतरवा! जिन्यानं उतरवा! आणि पोरी, या छताखाली जे जे आहे, ते सगळं तुला बक्षीस!"

पेवातून क्षीण आवाज आला, "महाराज! मी पण खालीच आहे!"

"ज्वारी ठेवून घेते जी," गजरा म्हणाली. "दिवाणजी तेवढे परत न्या. त्यांना तीन वेळा जेवायला लागतंय!"

महाराज हसून हसून पुन्हा एकदा छतावर आडवे झाले.