चारही चाकांचा तोरा

गाड्यांना अजून वाचा होती, तेव्हाची गोष्ट. गुरांच्या डॉक्टर कुंदाताईंकडे डोंगर चढणारी एक छोटी जीप होती. चिखलात चारही चाकांना जोर लावायची सोय तिच्यात होती. पण लोकांनी बघावं म्हणून ती गुळगुळीत डांबरावरही चारही चाकांना जोर लावत चालायची.

"अगं, इथे दोन चाकांचा जोर पुरतो," शेजारची म्हातारी रिक्षा म्हणायची. "उगाच पेट्रोल पितेस."

"तीनचाकीनं मला शिकवू नये!" जीप फणकारायची.

एकदा वरच्या पाड्यावर गाय विताना अडल्याचा निरोप आला. टाकीत पाड्यापर्यंत पुरेल एवढं पेट्रोल होतं. जीपने सगळा डांबरी रस्ता नेहमीच्याच दिमाखात कापला. डांबर संपलं, समोर चिखलाची चढण आली, आणि टाकी कोरडी पडली.

कुंदाताईंनी रिक्षावाल्या तुकारामला फोन केला, पिशवी खांद्याला लावली आणि त्या चिखलातून चालू लागल्या. "गाईने तेवढा दम धरावा," एवढंच त्या बोलल्या. त्यांचा प्रत्येक रुतणारा पाय जीप बघत राहिली.

तासाभराने रिक्षा धापा टाकत आली. तुकारामने डब्यातलं पेट्रोल ओतलं.

रिक्षा हळूच म्हणाली, "लाव आता चारही चाकं. त्यांचं काम इथून सुरू होतं."